खाते नसलेल्या यूआयडीवर व्हर्च्युअल मशीन कसे चालवावे

व्हर्च्युअल मशीनची (सॉफ्टवेअरने उभ्या केलेल्या संगणकाची) डिस्क फाइल एका यंत्रावरून दुसऱ्यावर नेली की कधी कधी मालकाच्या जागी नावाऐवजी 1007 असा नुसता आकडा दिसतो. हा आकडा म्हणजे यूआयडी, वापरकर्त्याचा क्रमांक. बरेच जण लगेच त्या आकड्याचे खाते उघडून मोकळे होतात. त्याची गरज क्वचितच असते. लिनक्सचे कर्नल, म्हणजे त्याचा गाभा, मालकी आकड्यानेच ओळखते. नाव येते ते खात्यांच्या पासडब्ल्यूडी फाइलमधून किंवा एलडॅपसारख्या नेटवर्कवरच्या यादीतून, तेही फक्त आपल्याला वाचता यावे म्हणून. यादीत नोंद नसली तरी परवानग्या नेहमीसारख्याच लागू होतात.

उलट, दर मशीनला स्वतःचा आकडा देणे ही चांगली सवय आहे. सगळी मशीन एकाच खात्यावर चालत असतील आणि एखाद्यातून कोणी बाहेर निसटले, तर बाकीच्यांच्या डिस्क त्याच्या हाताशी येतात. आकडे वेगळे असतील तर कर्नलच त्याला अडवते. झेन या व्हर्च्युअल मशीन चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये याची सोयच आहे: ‘झेन-क्यूईएमयूयूझर-रेंज-बेस’ नावाचे एकच खाते करायचे, आणि त्याच्या यूआयडीत मशीनचा क्रमांक मिळवून प्रत्येक मशीनचा आकडा ठरतो. पुढच्या आकड्यांची खाती कुठेच नसतात.

1. आधी पाहा. ‘एलएस’ला ‘-एलएन’ पर्याय दिला की मालक आणि गट आकड्यांत दिसतात. ‘गेटएंट पासडब्ल्यूडी’पुढे आकडा लिहिला आणि काहीच छापून आले नाही, तर त्या आकड्याचे खाते नाही. बेवारस फाइली एकदम शोधायला ‘फाइंड’चा ‘-नोयूझर’ पर्याय आहे.

2. आकडा विचार करून निवडा. 0 म्हणजे रूट, सगळे अधिकार असलेले खाते, तो नको. 65534 ‘नोबडी’साठी असतो. 65535 आणि 4294967295 हे दोन्ही (16 आणि 32 बिटांतले) −1 चे अवतार आहेत, आणि मालकी बदलणाऱ्या सिस्टिम कॉलमध्ये −1 चा अर्थ ‘बदलू नका’ असा होतो, म्हणून त्यांच्या वाटेला जाऊच नका. साधी खाती बहुतेक ठिकाणी 1000 ते 60000 मध्ये येतात. 61184 ते 65519 हा पट्टा सिस्टिमडी (लिनक्समधल्या सेवा सुरू करणारा प्रोग्रॅम) तात्पुरत्या सेवांसाठी वापरते. 100000 च्या पुढे जागा भरपूर आहे, पण तिथे कंटेनरसाठी राखलेले आकड्यांचे पट्टे असतात, तेव्हा आधी ते नोंदवणारी ‘सबयूआयडी’ फाइल उघडून पाहा.

3. आकडा आकडाच आहे हे स्पष्ट लिहा. माझ्या मते सगळ्यात जास्त घोळ इथेच होतो. क्यूईएमयू हा मशीन प्रत्यक्ष चालवणारा प्रोग्रॅम, आणि लिबव्हर्ट त्याचा कारभार पाहणारा. लिबव्हर्टच्या क्यूईएमयू सेटिंग फाइलमध्ये यूझर म्हणून 100 लिहिले, तर ‘100’ नावाचे खाते किंवा 100 हा यूआयडी, असे दोन्ही अर्थ निघू शकतात. आधी अधिकचे चिन्ह लावून +100 लिहिले की तो यूआयडीच. मशीनचे वर्णन करणाऱ्या एक्सएमएल फाइलमध्ये ‘डीएसी’ (मालकीवर आधारलेल्या परवानग्या) प्रकारच्या सुरक्षा लेबलातही +200100:+200100 असे लिहिता येते. मालक बदलणाऱ्या जीएनयू ‘चोन’लाही हे चिन्ह कळते. क्यूईएमयू थेट चालवत असाल तर ‘-रनॲज’ला (नव्या आवृत्त्यांत त्याऐवजी ‘-रन-विथ’च्या ‘यूझर=’ला) यूआयडी आणि जीआयडी, म्हणजे गटाचा क्रमांक, दोन्ही द्या, मध्ये कोलन. नुसता यूआयडी चालत नाही, कारण खाते नसल्यामुळे गट कोणता ते कळायला मार्गच उरत नाही.

4. गट तपासा. खात्याबरोबर येणारे जादा गट इथे मिळत नाहीत. लिनक्सच्या काही वितरणांत ‘केव्हीएम’ उपकरण (कर्नलची मशीन वेगाने चालवण्याची सोय) त्याच नावाच्या गटासाठी राखलेले असते. मशीन सुरू होत नसेल तर त्याची परवानगी आधी बघा.

‘-रनॲज’ वापरताना आणखी एक पेच येतो. क्यूईएमयू रूट म्हणून सुरू होते, डिस्क उघडते आणि मग अधिकार सोडते. त्यामुळे मालकी चुकीची असली तरी मशीन छान सुरू होते, आणि दोन दिवसांनी नवी डिस्क जोडायला गेलात की ‘परवानगी नाही’. म्हणून डिस्क आणि ती ज्या फोल्डरात आहे ते फोल्डर, दोन्ही त्या आकड्याच्या मालकीचे आधीच करून ठेवा.

5. नाव विचारणारे प्रोग्रॅम ओळखा. बॅश ‘आय हॅव नो नेम’ दाखवते, ‘हूॲमआय’ चूक देते. दोन्हींनी काही बिघडत नाही. दुसऱ्या यंत्राशी जोडून देणारे एसएसएच मात्र अशा आकड्यावरून चालायलाच नकार देते, तेव्हा मशीन दुसऱ्या यंत्रावर हलवण्यासारखी कामे नोंद असलेल्या खात्यावरून करा. होम हे एन्व्हायरन्मेंट व्हेरिएबलही स्वतः द्या.

6. सामायिक फोल्डर असेल तर पाहुण्या मशीनमधला 1000 आणि यजमान यंत्रावरचा 1000 एकच आहेत का, ते ठरवा. नावे वेगळी दिसली तरी फरक पडत नाही, आकडे जुळले पाहिजेत. फोल्डर सामायिक करण्याच्या 9पी या पद्धतीचा ‘मॅप्ड-एक्सॲटर’ प्रकार पाहुण्याची मालकी फाइलच्या जादा गुणधर्मांत लिहितो आणि यजमानावरचा खरा मालक तसाच ठेवतो.

7. मशीन काढून टाकताना ‘फाइंड’ला ‘-यूआयडी’ आणि तो आकडा देऊन उरलेल्या फाइली शोधा, त्या हटवा किंवा दुसऱ्या मालकाकडे द्या. त्याआधी तो आकडा नव्या मशीनला देऊ नका, नाहीतर जुन्याचा सगळा डेटा नव्याच्या मालकीचा होईल.