सांगलीच्या व्यापाऱ्यांनी संकेतस्थळासाठी टेम्प्लेट निवडताना
सांगलीच्या मार्केट यार्डातील हळद किंवा बेदाण्याच्या व्यापाऱ्याला मालाची माहिती, छायाचित्रे आणि संपर्क एवढेच दाखवायचे असेल, तर २००३ पासून उपलब्ध असलेल्या वर्डप्रेससारख्या संकेतस्थळे बनवण्याच्या प्रणालीवरील तयार टेम्प्लेट, म्हणजे संकेतस्थळाचा आधीच आखलेला साचा, पुरेसे असते. अगदी शून्यापासून संकेतस्थळ घडवण्याचा खर्च माझ्या मते टाळावा. मात्र नमुन्यातील देखण्या छायाचित्रांवर न जाता, त्यात स्वतःचा मराठी मजकूर घालून तो मोबाइलवर पाहावा. बहुतेक टेम्प्लेटची आखणी रोमन लिपी डोळ्यांसमोर ठेवून झालेली असते, त्यामुळे ओळींमधले अंतर कमी पडून वरच्या ओळीचे उकार आणि खालच्या ओळीच्या वेलांट्या एकमेकांना भिडतात, काही वेळा कापल्याही जातात. अशा वेळी ओळीची उंची अक्षराच्या आकाराच्या सुमारे १.६ ते १.८ पट ठेवावी आणि मुक्तासारखा देवनागरीसाठी घडवलेला युनिकोड फाँट वापरावा. हे बदल मूळ थीमच्या (वर्डप्रेसमध्ये टेम्प्लेटला थीम म्हणतात) फायलींमध्ये थेट करू नयेत, कारण पुढच्या अपडेटमध्ये ते पुसले जातात. त्यासाठी चाइल्ड थीम, म्हणजे मूळ थीमवर आधारलेली पण आपले बदल वेगळे ठेवणारी थीम, तयार करावी. रोजचे सौदे, प्रतवारीनुसार दर आणि खरेदीदारांची स्वतंत्र खाती हवी असतील, तरच नव्याने रचना करून घ्यावी, आणि तेव्हाही मजकूर बदलण्याची सोय आपल्याच हाती राहील, असे करारात लिहून घ्यावे.