कामापुढे एकच नाव लिहा

मीटिंग संपताना "हे आपण सगळे बघूया" असं ठरलं, की ते काम बहुतेक वेळा कुणीच बघत नाही. रिंगेलमान या फ्रेंच अभियंत्याने दोरी ओढण्याचे प्रयोग केले होते. १९१३ साली प्रसिद्ध झालेल्या त्या निष्कर्षांत हेच दिसलं: माणसं वाढली तशी प्रत्येकाची सरासरी ओढ कमी झाली.

म्हणून प्रत्येक कामापुढे एकच नाव लिहा. मदतीला चारजण असू देत, उत्तर एकाने द्यायचं. सोबत तारीख, आणि 'झालं' म्हणजे नेमकं काय तेही. 'अहवालाचं बघतो' याला काही अर्थ नाही. 'आकडे तपासलेला अहवाल गुरुवारी दुपारपर्यंत लेखा विभागाकडे गेलेला असेल' याला आहे. हे वाक्य ज्याचं काम त्यानेच सगळ्यांसमोर म्हणावं. साहेबांनी परस्पर ठरवलेली तारीख साहेबांचीच राहते.

खरी गोम पुढे आहे. उशीर होणार हे आधी सांगणाऱ्यावर डाफरलात, तर पुढच्या वेळी तो शेवटच्या दिवसापर्यंत गप्प बसेल. त्याला फक्त विचारा, "काय अडलंय? कुणाची मदत हवी?" न सांगता तारीख चुकवली, तर मात्र त्याच दिवशी बाजूला घेऊन स्पष्ट बोला. चारचौघांत पाणउतारा केला की लोकांचं काम सुधारत नाही, सबबी सुधारतात.

आठवड्याच्या आढाव्याला पंधरा मिनिटं पुरतात. यादीत तुमच्या नावावरचं काम असेल, तर सुरुवात त्यापासून करा.