अनोळखी मृतदेहाची ओळख पटवताना या चुका टाळा

खून झालेला माणूस कोण हेच कळले नाही, तर खुनी कोण या प्रश्नाला हातच घालता येत नाही. मयताला शेवटचे कोणी पाहिले, त्याचे कोणाशी वैर होते, फोनवर कोणाशी बोलणे झाले, यातले काहीच कोणाला विचारता येत नाही. वर्षानुवर्षे तपासावर राहिलेल्या प्रकरणांचे कागद वाचा. त्याच त्या चुका दिसतात, आणि त्यातल्या बहुतेक पहिल्या आठवड्यातल्या असतात.

वयाच्या अंदाजाला खात्री समजणे

पंचनाम्यात ‘अंदाजे वय ३५’ असे लिहिले जाते. पुढच्या बिनतारी संदेशात ‘अंदाजे’ गळून पडते, आणि मिसिंगच्या, म्हणजे बेपत्ता व्यक्तींच्या, नोंदी शोधणारा ३० ते ४० एवढीच मर्यादा घालतो. खरी नोंद ४६ वर्षांच्या माणसाची असेल, तर ती त्याच्यासमोर कधीच येत नाही.

पंचविशीच्या आतले वय हाडांच्या टोकांवरून बरेच जवळून सांगता येते. कॉलरबोनचे छातीकडचे टोक सगळ्यांत शेवटी, तिशीच्या आसपास जुळते. त्यापुढे मात्र कवटीचे सांधे आणि कमरेच्या हाडांची झीज यांवरच भिस्त असते, आणि तिथे दहा वर्षांची चूक अगदी सहज होते. सुजलेल्या चेहऱ्यावरून नुसत्या डोळ्यांनी ठरवलेले वय तर विचारातच घेऊ नये.

१९७४ च्या जुलैमध्ये अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यात, प्रॉव्हिन्सटाउनजवळच्या वाळूच्या टेकड्यांत एका स्त्रीचा मृतदेह सापडला. मारेकऱ्याने हात तोडून नेले होते, त्यामुळे बोटांचे ठसे मिळण्याचा मार्ग बंद. वयाचे अंदाज विशीपासून चाळिशीच्या पुढेपर्यंत पसरले. ‘लेडी ऑफ द ड्यून्स’ एवढेच तिचे नाव उरले. २०२२ मध्ये डीएनए आणि वंशावळीच्या (दूरच्या नातेवाइकांच्या डीएनएवरून कुळाचा माग काढण्याच्या) आधारे ओळख पटली: वय ३७, मूळची टेनेसीची, म्हणजे हजार किलोमीटरहून दूरची. आसपासच्या जिल्ह्यांतल्या नोंदी कितीही वेळा चाळल्या असत्या तरी उपयोग नव्हता.

माझी पद्धत सांगतो. वय दोन्हीकडे दहा वर्षे सैल, उंची दोन्हीकडे सात सेंटिमीटर सैल, जिल्ह्याची अट नाही. बेपत्ता होण्याची तारीखही मागे बरीच वर्षे सोडायची, कारण माणूस घर सोडून चार वर्षांनी मारला गेलेला असू शकतो. नावे वगळायची ती फक्त जे बदलूच शकत नाही त्यावरून. हरवलेल्या माणसाची दाढ पाच वर्षांपूर्वी काढली असेल आणि मृतदेहात तीच दाढ जागेवर असेल, तर तो माणूस हा नव्हे. कपड्यांवरून मात्र कोणालाही वगळू नका. माणसे दुसऱ्याचा शर्ट घालतात आणि मारेकरी कपडे बदलतात. ‘यादी फार मोठी होते’ अशी तक्रार नवे लोक करतात. होऊ द्या. मोठी यादी दोन दिवसांत वाचून होते.

दहनाची घाई आणि फॉर्मेलिनची बरणी

बेवारस मृतदेहाचे दहन म्हणजे पुरावा कायमचा संपवणे. अनोळखी मृतदेह पुरायचाच, तोही खड्ड्याचा क्रमांक, नकाशा आणि न गंजणारी पट्टी यांसह. १९५७ च्या फेब्रुवारीत फिलाडेल्फियात खोक्यात सापडलेल्या लहान मुलाची छायाचित्रे त्या काळी शहरभर वाटली होती. ठसेही तपासले, काहीच जुळले नाही. पण त्याला पुरले होते. म्हणून १९९८ मध्ये उकरून दातातून मायटोकॉन्ड्रियल डीएनए (आईकडून मुलांकडे येणारा डीएनए) काढता आला, २०१९ मध्ये पुन्हा उकरता आले, आणि २०२२ मध्ये पोलिसांनी त्याचे नाव जाहीर केले. पासष्ट वर्षे लागली. राख झाली असती तर नाव कधीच कळले नसते.

दुसरी चूक शवागारात होते. सूक्ष्मदर्शकाच्या तपासणीसाठी १० टक्के फॉर्मेलिन (अवयव टिकवणारे रसायन) ठीक, विषाच्या तपासणीसाठी व्हिसेरा (शरीराच्या आतले अवयव) संपृक्त मिठाच्या पाण्यात ठीक. पण डीएनएचा तुकडाही त्याच फॉर्मेलिनमध्ये टाकला, की डीएनए तुटत जातो. कुजलेल्या मृतदेहातून मांडीच्या हाडाचा मधला भाग आणि कीड नसलेल्या, न भरलेल्या दोन ते चार दाढा घ्या. सावलीत वाळवा, कागदी पाकिटात ठेवा. प्लॅस्टिकमध्ये ओल धरते आणि बुरशी येते. ताजे रक्त मिळाले तर स्वच्छ गॉजवर घेऊन वाळवा. आणि नमुने नेहमी दोन: एक प्रयोगशाळेला, एक मुद्देमालात. १९८१ मध्ये अमेरिकेतल्या ओहायोत मृत सापडलेल्या ‘बकस्किन गर्ल’ या अनोळखी तरुणीची ओळख २०१८ मध्ये पटली, ती तेव्हा जपून ठेवलेल्या रक्ताच्या नमुन्यामुळे.

आपल्याकडे २०१२ च्या मे महिन्यात पेण तालुक्यात जळालेले अवशेष सापडले. नमुने मुंबईला जे. जे. रुग्णालयात गेले, पण खुनाचा गुन्हा नोंदला नाही आणि अकस्मात मृत्यूचीही नोंद झाली नाही. ते शीना बोराचे असल्याचे तपास यंत्रणांनी सांगितले ते २०१५ मध्ये. नोंद क्रमांकच नसेल, तर पुढे येणाऱ्या अधिकाऱ्याने त्या नमुन्याला शोधायचे कुठे?

डीएनए काढला की काम झाले असे मानणे

डीएनएचे प्रोफाइल, म्हणजे नमुन्यातून काढलेली ओळखखूण, जुळवायला समोर दुसरे प्रोफाइल लागते. २०१९ चे डीएनए विधेयक २०२३ मध्ये मागे घेतले गेले, त्यामुळे बेपत्ता आणि अनोळखी व्यक्तींची कायद्याने उभी राहणारी राष्ट्रीय माहितीपेढी आली नाही. अमेरिकेतल्या वंशावळींच्या यशावरून इथे आशा लावू नका. तिथे लाखो लोकांनी स्वतःचे नमुने हौसेने दिलेले आहेत. इथे मिसिंग दाखल करताना आई, वडील किंवा मुलाचा नमुना घ्यायला हवा. एकट्या भावावरून निष्कर्ष कच्चा राहतो. आई हयात नसेल तर मावशी किंवा सख्ख्या बहिणीचा मुलगाही मायटोकॉन्ड्रियल तुलनेला चालतो.

बाकीच्या, थोडक्यात

नातेवाइकाने चेहरा पाहून ‘हाच’ म्हटले म्हणून मृतदेह ताब्यात देऊ नका. दुःखात माणूस होकारही चुकीचा देतो आणि नकारही.

पाण्यातल्या मृतदेहाच्या हाताची कातडी मोज्यासारखी सुटून येते. ती टाकू नका. ठसेतज्ज्ञ ती स्वतःच्या हातमोजा घातलेल्या बोटावर चढवून ठसा घेतात.

गोंदण दिसत नाही असे लिहिण्यापूर्वी वरची सुटलेली त्वचा ओल्या कापडाने हलकेच पुसा. शाई खालच्या थरात असते, अनेकदा जास्त स्पष्ट दिसते.

शवविच्छेदनाआधी पूर्ण शरीराचा एक्स-रे काढा. हाडात प्लेट किंवा स्क्रू सापडला तर त्यावरचा बॅच क्रमांक उतरवून उत्पादकाला आणि वितरकाला गाठा.

दातांचे समोरून, स्पष्ट छायाचित्र घ्या. दंतवैद्याची नोंद आपल्याकडे क्वचितच मिळते, पण हसतानाचा सेल्फी बहुतेक घरांत असतो.

घरबसल्या जुळवाजुळव करणाऱ्यांसाठी एकच, पण ठाम सांगणे: चेहरा सारखा वाटला म्हणून मृतदेहाचा फोटो कुटुंबाला व्हॉट्सॲपवर कधीही पाठवू नका. मिसिंगचा क्रमांक, अकस्मात मृत्यूचा क्रमांक आणि जुळणाऱ्या तसेच न जुळणाऱ्या सगळ्या खुणा लिहून संबंधित पोलीस ठाण्याला द्या, आणि पोच घ्या.