चाळिशी-पन्नाशीत ८०० कॅलरींचं डाएट: हो म्हणायच्या आधी काय काय बघायचं

आधी एक गोष्ट क्लिअर करू. व्हेरी लो कॅलरी डाएट (व्हीएलसीडी) म्हणजे दिवसभरात मिळून ८०० किंवा त्याहून कमी कॅलरी, आणि त्याही कशाही नाही, तर ठरवून बनवलेल्या शेक, सूप वगैरेंमधून, ज्यात दिवसाचं प्रोटीन, व्हिटॅमिन, मिनरल सगळं मोजून घातलेलं असतं. दोन फळं, चार कप चहा आणि रात्री वाटीभर सूप यावर दिवस काढणं म्हणजे व्हीएलसीडी नाही, ती नुसती उपासमार आहे, कॅलरींचा आकडा सारखाच आला तरी. बरेच जण हे दुसरंच करतात आणि नाव पहिल्याचं देतात, मग केस गळायला लागले की डाएटला शिव्या.

आता मुद्दा असा की चाळिशीनंतर हे करावं का. त्यासाठी पहिला प्रश्न स्वतःला विचारा, कशासाठी करायचंय? "आता मेटाबॉलिझमच स्लो झालाय, साध्या डाएटने काही होणार नाही" हे उत्तर असेल तर थांबा, कारण ते बहुतेक खरं नाहीये. २०२१ मध्ये सायन्स या जर्नलमध्ये ६,४०० हून जास्त लोकांच्या मोजमापांवरचा अभ्यास आला होता, त्यात शरीराचा आकार आणि स्नायू हिशोबात धरले तर विशीपासून साठीपर्यंत कॅलरी जाळण्याचा वेग जवळपास तसाच राहतो असं दिसलं. बदलतं ते बाकीचं, हालचाल कमी होते, झोप बिघडते, स्नायू हळूहळू जातात, बायकांमध्ये मेनोपॉजच्या आसपास चरबी मांड्यांवरून पोटाकडे सरकते. म्हणजे इंजिन बंद पडलेलं नाही, त्यामुळे सगळ्यात टोकाचा उपाय आधी करायचीही गरज नाही.

मग हे डाएट कुणासाठी आहे? वजन खूप जास्त आहे आणि ते लवकर उतरवायला ठोस मेडिकल कारण आहे, उदाहरणार्थ गुडघ्याचं ऑपरेशन वजनामुळे अडलंय, किंवा टाइप टू डायबिटीस होऊन थोडीच वर्षं झालीत, अशांसाठी. डायबिटीसचा पुरावा तर खरंच भारी आहे. ब्रिटनमधली डायरेक्ट नावाची ट्रायल, २०१७ मध्ये रिझल्ट आले, डायबिटीस होऊन सहा वर्षांच्या आत असलेले आणि इन्सुलिन न घेणारे लोक घेतले होते, त्यांना तीन ते पाच महिने साधारण ८२५ ते ८५३ कॅलरींवर ठेवलं. एका वर्षानंतर ४६ टक्के लोकांची शुगर औषधाशिवाय डायबिटीसच्या रेंजच्या खाली होती, नेहमीची ट्रीटमेंट घेणाऱ्यांमध्ये फक्त ४ टक्के. दोन वर्षांनी हे ४६ चे ३६ झाले. हे आकडे वाचताना एक विसरू नका, त्या लोकांबरोबर शेवटपर्यंत ट्रेनिंग घेतलेली नर्स किंवा डाएटिशियन होती आणि नंतर जेवण टप्प्याटप्प्याने परत सुरू करायला वेगळा प्लॅन होता. तुम्ही घरी एकटे पावडरचा डबा आणून शेक पिणार असाल तर तो रिझल्ट तुमचा धरून चालू नका.

आणि ज्यांना सहा-सात किलोच कमी करायचेत, रिपोर्ट ठीक आहेत, त्यांना माझं स्पष्ट मत, हे तुमच्यासाठी नाही.

थोडा हिशोब करून बघा म्हणजे हाव जरा कमी होते. एक किलो चरबी म्हणजे ढोबळमानाने ७,७०० कॅलरी. तुमचा रोजचा खर्च १,८०० असेल आणि खाणं ८०० तर आठवड्याला ७,००० ची तूट, म्हणजे एक किलोच्या आतच. पहिल्या आठवड्यात काटा तीन-चार किलो उतरलेला दिसतो त्यातलं बरंचसं पाणी असतं, कारण शरीरातलं ग्लायकोजेन (साठवलेली साखर) संपताना स्वतःच्या वजनाच्या साधारण तिप्पट पाणी घेऊन जातं, आणि तुम्ही जेवायला लागलात की ते परत येतं. उलट रोज फक्त ५०० कमी खाल्लं तर आठवड्याला अर्ध्या किलोच्या जरा आत. हळू आहे, पण चार महिन्यांत सात-आठ किलो होतात की, आणि ऑफिस, घर, झोप सगळं चालू राहतं.

आता खरा मुद्दा, जो चाळिशीनंतरच जास्त लागू होतो. काट्यावर किती कमी झालं हे दिसतं, *काय* कमी झालं ते दिसत नाही. वजन उतरतं तेव्हा साधारण पाव भाग चरबीशिवायचा असतो, त्यात स्नायू पण आले. पंचविशीत तो भरून काढता येतो, पन्नाशीत स्नायू तसेही वयामुळे कमी होत असतात आणि गेलेले परत कमवायला जास्त घाम गाळावा लागतो. वर वजन परत वाढलं तर ते मुख्यतः चरबी म्हणून येतं, म्हणजे दोन-तीनदा असं चढउतार केलं तर वजन तेच आणि स्नायू आधीपेक्षा कमी अशी अवस्था.

हाडांचं तर त्याहून नाजूक. ऑस्ट्रेलियातल्या टेम्पो नावाच्या ट्रायलमध्ये मेनोपॉज झालेल्या, ४५ ते ६५ वयाच्या १०१ लठ्ठ बायका होत्या, अर्ध्यांना चार महिने कडक मील रिप्लेसमेंट डाएट (जेवणाऐवजी शेक वगैरे) आणि मग साधं डाएट, बाकीच्यांना वर्षभर साधंच. कडक डाएटवाल्यांचं वजन वर्षाअखेर बरंच जास्त उतरलं, आणि स्नायूंचं नुकसान उतरलेल्या वजनाच्या मानाने जास्त नव्हतं, ही चांगली बातमी. पण खुब्याच्या हाडाची घनता त्यांची साधारण अडीच पट जास्त घटली. आता मेनोपॉजच्या आसपासच्या वर्षांत हाडं तशीच वेगाने झिजत असतात, त्यात ही भर. आई किंवा मावशीचा खुबा मोडलेला असेल, स्वतःचं कधी साध्या पडण्याने हाड मोडलं असेल, मेनोपॉज लवकर आला असेल किंवा स्टेरॉइड बरेच महिने घेतले असतील तर डाएटच्या आधी डेक्सा स्कॅनबद्दल (हाडांची घनता मोजणारी तपासणी) डॉक्टरांना विचाराच. पुरुषांनी हा पॅरा स्किप करू नये, हाडं त्यांचीही जातात, फक्त जरा उशिरा.

करायचंच ठरलं तर नुकसान कमी कसं करायचं? प्रोटीन हा पहिला खांब, युरोपात दिवसभराच्या सगळ्या जेवणाऐवजी घ्यायच्या प्रॉडक्टमध्ये दिवसाला किमान ७५ ग्रॅम प्रोटीन असावं असा नियम आहे, तेव्हा डब्याच्या मागचं लेबल वाचा, आणि तुम्ही दिवसाला जेवढे सॅशे घेणार त्याची बेरीज करा, एका सॅशेचा आकडा बघून खुश होऊ नका. दुसरं म्हणजे वजनं उचलणं किंवा रबर बँडने रेझिस्टन्सचा व्यायाम, आठवड्यातून दोन-तीनदा. नुसतं चालणं चांगलंच आहे पण स्नायू टिकवायला ते पुरत नाही. तासभर कार्डिओ मात्र या काळात नको, चक्कर येऊन पडाल.

औषधं. यावर मी सगळ्यात जास्त जोर देईन कारण या वयात निदान एखादी गोळी तरी बहुतेकांची चालू असते. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड अशा गोळ्या चालू ठेवून खाणं एकदम ८०० वर आणलं तर शुगर धोकादायक खाली जाऊ शकते. डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या गटातल्या शुगरच्या गोळ्यांवर असताना कार्बोहायड्रेट एकदम कमी केले तर शुगर फार वाढलेली नसतानाही कीटोअ‍ॅसिडोसिस (रक्तात आम्ल धोकादायक वाढणं) होऊ शकतो, तो दिसायला साधं मळमळणं आणि थकवा वाटतो म्हणून फसवतो. बीपीच्या गोळ्या, त्यातही लघवी वाढवणाऱ्या, तर उठून उभं राहिलं की डोळ्यापुढे अंधारी. डायरेक्ट ट्रायलमध्ये शुगरच्या आणि बीपीच्या गोळ्या पहिल्याच दिवशी बंद केल्या होत्या, पण ते डॉक्टरांच्या देखरेखीखाली, तुम्ही आपल्या मनाने बंद करायच्या नाहीत. वॉरफरिन (रक्त पातळ करणारी गोळी), लिथियम (मूडच्या आजारावरची गोळी) घेणाऱ्यांनी तर विचारल्याशिवाय एक पाऊलही टाकू नये.

ज्यांनी या वाटेला जाऊच नये असे: टाइप वन डायबिटीसवाले, नुकताच हार्ट अटॅक किंवा स्ट्रोक झालेले, किडनी किंवा लिव्हरचा मोठा आजार असलेले, कॅन्सरची ट्रीटमेंट चालू असलेले, गरोदर किंवा अंगावर पाजणाऱ्या, आणि आधी कधी खाण्याचा विकार झालेले. हे शेवटचं लोक सांगत नाहीत. कधी बराच काळ उपाशी राहून मग एकदम भरमसाट खाणं असं चक्र झालं असेल तर ते डॉक्टरांना सांगा, लाज वाटली तरी.

बाकी त्रास पटकन सांगते. बद्धकोष्ठ, थंडी वाजणं, डोकं दुखणं, दोन-तीन महिन्यांनी केस गळणं (हे बहुतेक परत येतात), गाउट (युरिक अ‍ॅसिडमुळे सांधे सुजणं) असेल तर तो उसळणं. पित्ताचे खडे मात्र हलक्यात घेऊ नका, वजन भराभर उतरलं की ते व्हायची शक्यता वाढते, आणि डाएटमधून फॅट पूर्ण काढून टाकलं तर आणखी, कारण पित्ताशय रिकामं व्हायला थोडं फॅट लागतंच. आधी खडे झालेत तर सांगा, त्यासाठी प्रतिबंधाची गोळी देतात. आणि प्रोटीन आहे म्हणजे सेफ असंही नाही, १९७० च्या दशकात अमेरिकेत निकृष्ट प्रोटीनच्या लिक्विड डाएटवर जवळपास ६० जण दगावले होते, बऱ्याच जणांच्या हृदयाचे ठोके बिघडून. म्हणून सुरू करायच्या आधी ईसीजी, किडनी, लिव्हर, पोटॅशियम, युरिक अ‍ॅसिड, एचबीए१सी (तीन महिन्यांची सरासरी शुगर), आणि मधेमधे रक्ततपासणी. छातीत धडधड, बेशुद्ध पडणं, उजव्या बरगडीखाली जोरात दुखणं, उलट्या न थांबणं, यातलं काही झालं तर "उद्या बघू" नाही, त्याच दिवशी दवाखाना.

ट्रायल सोडल्या तर हे साधारण १२ आठवड्यांच्या वर नेत नाहीत, म्हणून कॅलेंडर समोर घ्या. त्या तीन महिन्यांत नाइट शिफ्ट, घरात कुणाचं आजारपण, मोठा प्रवास असेल तर पुढे ढकला. आणि सुरू करायच्या आधीच एका कागदावर लिहा की १३ व्या आठवड्यात काय खाणार, पहिलं कुठलं जेवण परत आणणार, आणि वजन दोन किलो वाढलं तर काय करणार, म्हणजे काही आठवडे एक जेवण शेकवर की डाएटिशियनची अपॉइंटमेंट, जे असेल ते. हा कागद लिहिता येत नसेल तर रोज ५०० कमीवाला रस्ता घ्या, त्याला एवढी तयारी लागत नाही. आणि डेक्सा केला असेल तर वर्षाने तो परत त्याच सेंटरला, त्याच मशीनवर करा, वेगवेगळ्या मशीनचे आकडे एकमेकांशी नीट जुळत नाहीत.