हजार देवदासी आणि एक क्रियापद

माझ्या प्रबंधाचं तिसरं प्रकरण परत आलं तेव्हा एक्केचाळीस पानांत एकाच शब्दाभोवती पेन्सिलीचा गोल होता. समासात दोनच शब्द: "काळ कोणता?" मला वाटलं, गाइड बाई शतक विचारताहेत. मी उत्साहाने उत्तर धाडलं, इसवी सनपूर्व पहिलं शतक. उलट मेल आला: "क्रियापदाचा."

त्यानंतर दीड महिना मी त्या फाइलला हात लावला नाही. आता लिहायला बसले, कारण गेल्या वर्षभरात ग्रीक धर्मावर काम करायचंय म्हणून चार-पाच जणांनी विचारलं आणि त्यातल्या तिघांना ॲफ्रोडायटीच, म्हणजे ग्रीकांची प्रेमाची देवी, हवी होती. समुद्राचा फेस, सफरचंद, ट्रॉय, हे सगळं तुम्हाला पाठ असणार. मलाही होतं. माझी अडचण तिथे झालीच नाही.

मी गडहिंग्लजकडची. लहानपणी आजीच्या दारात जोगतिणी यायच्या, डोक्यावर देवीचा जग, हातात चौंडकं, आणि आजी सुपातून जोगवा घालायची. "देवाला सोडलेली" हा शब्द मला शाळेआधीपासून माहीत. त्यामुळे परदेशात एम.ए. करताना स्ट्राबो या प्राचीन ग्रीक भूगोलकाराचा तो प्रसिद्ध उतारा समोर आला तेव्हा मी जवळजवळ ओरडलेच. ग्रीसमधल्या कॉरिंथ शहराचं ॲफ्रोडायटीचं मंदिर, त्याच्या हजारांहून जास्त 'हिएरोदूलोई'. हिएरोस म्हणजे देवाचं, दूलोस म्हणजे दास. देव-दासी! कोशात शोधायचीही गरज नाही. आपल्या भाषेने मला आयतं उत्तर दिलं होतं, आणि वर्गातल्या कुणाकडेच ते नव्हतं. मी एक्केचाळीस पानं लिहिली. सौंदत्ती आणि कॉरिंथ, यल्लम्मा आणि ॲफ्रोडायटी. फार सुंदर लिहिली होती, हे आजही म्हणेन.

आता ते वाक्य नीट बघू. कंटाळा आला तरी बघा, कारण या विषयात पुढे हेच करायचं आहे.

स्ट्राबो म्हणतो, मंदिर इतकं श्रीमंत होतं की त्याच्या मालकीच्या हजारावर हिएरोदूलोई हेताइरा, म्हणजे गणिका, होत्या, आणि त्या पुरुषांनी आणि बायकांनी देवीला अर्पण केल्या होत्या. 'मालकीच्या होत्या' यासाठी त्याचं क्रियापद आहे 'एकेक्तेतो'. दहावीला स्कोअरिंग म्हणून संस्कृत घेतलेल्यांनो, इथे तुमचे मार्क कामाला येतात. सुरुवातीचा 'ए' म्हणजे 'अगच्छत्' मधला 'अ'. पुढचं 'केक्' हे द्वित्व म्हणजे 'चकार', 'बभूव' मधलं. दोन्ही एकाच रूपात. लेखकाच्या काळाच्या मागे सरलेली अवस्था. म्हणजे स्ट्राबो 'आहेत' म्हणत नाही, तो 'एके काळी होत्या' म्हणतोय. माझ्या प्रबंधात मात्र तो डोळ्यांनी बघून आल्यासारखा बोलत होता.

आणि तो तिथे खरंच गेला होता, ही त्यातली गंमत. इसवी सनपूर्व 146 मध्ये रोमन सेनापती मुम्मिअसने कॉरिंथ उद्ध्वस्त केलं. जवळपास शंभर वर्षं शहर जवळजवळ ओसाड. 44 मध्ये सीझरने पुन्हा वसाहत घातली, आणि त्यानंतरच्या काळात स्ट्राबो शहरामागचा ॲक्रोकॉरिंथ हा डोंगर चढला. वर त्याला काय दिसलं? पुढच्याच परिच्छेदात लिहिलंय: शिखरावर ॲफ्रोडायटीचं एक 'नाइदिऑन', म्हणजे छोटंसं देऊळ. हजारांचा आकडा शंभराहून अधिक वर्षं जुन्या ऐकीव वैभवाचा, आणि डोळ्यांसमोर देवळी. मी पुढचा परिच्छेद वाचलाच नव्हता. मला हवं ते वाक्य सापडलं होतं ना.

मी नंतर ॲक्रोकॉरिंथवर गेले. 575 मीटर उंच, उन्हात चढताना घशाला कोरड. माथ्यावर देवळाच्या जागी थोडे दगड आहेत. तिथे उभं राहून हजार माणसं कुठे मावतील याचा अंदाज करा.

बरं, समजा आकडा खरा धरला. तरी ते वाक्य सांगतं काय? मंदिराकडे गुलाम होते आणि लोकांनी ते अर्पण केले होते. 'अर्पण केलं' याला स्ट्राबोने जे क्रियापद वापरलंय तेच ग्रीक लोक पितळी हंडा किंवा पुतळा देवाला वाहताना वापरतात. मालमत्ता देवीच्या नावावर झाली. त्या बायकांचा धंदा हीच पूजा होती, असं तिथे कुठेही म्हटलेलं नाही. ते मी आत भरलं, आणि भरायला साहित्य होतं आजीच्या दारातलं. हाच स्ट्राबो कॅपाडोशियातल्या कोमानाला सहा हजारांवर हिएरोदूलोई होते म्हणतो, पुरुष आणि बायका मिळून. तिथे कुणी भुवया उंचावत नाही. तिथे आपण सरळ 'मंदिराचे गुलाम' असं भाषांतर करतो.

आपल्याकडे मुलीला देवाला सोडताना विधी असतो, गळ्यात मणी बांधतात, ती देवाची होते, लग्न करत नाही. त्यामागे जात आहे, गरिबी आहे, जट आली म्हणून घातलेली भीती आहे, 1934 चा मुंबई इलाख्यातला बंदीचा कायदा आहे. यातलं काहीही कॉरिंथला सापडत नाही. शब्द अक्षरशः तोच, आतला माल वेगळा. मराठी वाचकासाठी लिहिताना मी आता 'देवदासी' हा शब्द ग्रीक संदर्भात अजिबात वापरत नाही. तुम्हीही वापरू नका. अजिबात.

याच्याही वरताण अपमान पुढे होता. आपली तुलना अस्सल आहे या गुर्मीत मी असताना वर्गातल्या एकाने सहज सांगितलं की जेम्स फ्रेझर या ब्रिटिश मानववंशशास्त्रज्ञाने विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच पश्चिम आशियातल्या देवींशेजारी दक्षिण भारतातल्या मंदिर-नर्तकी आणून बसवल्या होत्या. म्हणजे साहेबाने आमच्याकडून नेलेली वस्तू मी शंभर वर्षांनी घरचीच म्हणून त्याला परत विकत होते. आणि 2008 मध्ये स्टेफनी बुडिन यांनी अख्खं पुस्तक लिहून मांडलं की प्राचीन जगात 'पवित्र वेश्याव्यवसाय' अशी प्रथाच नव्हती. सगळे त्यांच्याशी सहमत नाहीत. पण तो वाद माहीतच नसताना तिसरं प्रकरण लिहिणं हा गुन्हा होता.

मग कॉरिंथला काहीच नव्हतं का? होतं. इसवी सनपूर्व 464 मध्ये ऑलिंपिकला एकाच दिवशी धावणं आणि पंचक्रीडा जिंकलेल्या कॉरिंथच्या झेनोफोनने नवस फेडताना देवीला मुली आणल्या, आणि त्यावर पिंडार या कवीने गाणं रचलं. त्याचा तुकडा उरलाय. त्यात 'शंभर अवयवांचा' मुलींचा कळप असा शब्द आहे. म्हणजे शंभर मुली की हातपाय मोजून पंचवीस, यावर विद्वान अजून भांडतात. त्या मेजवानीला आणल्या की मंदिराला दिल्या, यावरही. असल्या भांडणात आयुष्य घालवायची तयारी असेल तरच या. नोकऱ्या नाहीत. भारतात तर नाहीतच, बाहेर प्राचीन भाषांचे विभाग बंद होताहेत. घरचे विचारतील, उत्तर तयार ठेवा. माझ्याकडे अजून नाही.

पण घाबरूही नका, कारण भाषेत तुम्ही समजता त्यापेक्षा पुढे आहात. माझ्याबरोबरची इंग्रज मुलं ग्रीकच्या तिसऱ्या प्रयोगाशी महिनाभर झगडत होती. तो आपलं आत्मनेपद. द्विवचन आपल्याला शाळेतच संस्कृतात भेटलंय. विभक्त्या तर उलट कमी आहेत. अक्षरं चोवीस, आठवड्यात येतात. पहिलं वर्ष रडवतं, दुसऱ्या वर्षी एक दिवस हिरोडोटसचं अर्धं पान न अडखळता वाचून होतं आणि माणूस एकटाच खोलीत हसतो.

फक्त एक करा: डावीकडे ग्रीक, उजवीकडे इंग्रजी अशी जी लोएबची हिरवी पुस्तकं असतात त्यातलं उजवं पान कागदाने झाका. मी झाकलं नव्हतं. सारांश देणाऱ्या वेबसाइट, मिथकांची पॉडकास्ट, चॅटबॉट, या सगळ्यांनी मला आजवर एकदाही क्रियापदाचा काळ विचारलेला नाही.

गाइडबद्दलही बोलते. माझा पहिला सल्लागार अतिशय गोड. मी जे म्हणेन ते त्याला 'फॅसिनेटिंग' वाटायचं. भारतीय मुलगी भारतीय तुलना करतेय, त्याला तेवढं पुरेसं होतं. दुसऱ्या बाई तुसड्या, चहा सोडा, बसा म्हणायला विसरणाऱ्या. पेन्सिलीचा गोल त्यांचा. तुमच्या देशाचं कौतुक करणाऱ्या गाइडपासून सावध राहा, एवढंच म्हणेन. तो तुम्हाला वाचत नसतो.

आता कामाचं. ॲफ्रोडायटीची पूजा शोधायची तर कथा बाजूला ठेवा आणि कोण झाडत होतं, कोण खर्च करत होतं ते बघा. पौसानिआस हा ग्रीक प्रवासवर्णनकार इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात सिक्यॉन या गावी गेला. तिथल्या ॲफ्रोडायटीच्या देवळात दोघीच आत जात: एक सेविका, जिला पद घेतल्यावर पुरुषाशी संबंध चालत नसे, आणि एक कुमारिका, वर्षापुरती, पाणी वाहणारी. बाकी सगळ्यांनी दारातून दर्शन घ्यायचं. प्रेमाची देवी आणि सोवळं हे असं! स्पार्टात तिची मूर्ती सशस्त्र होती, आणि तिथेच 'मॉर्फो' नावाने ती बुरखा घेऊन बसलेली, पायात बेड्या. बंदरांत ती सुखरूप प्रवासाची देवी. इसवी सनपूर्व 333 मध्ये सायप्रसच्या कितिऑनमधल्या व्यापाऱ्यांनी पिरेअस बंदरात तिच्या देवळासाठी जागा विकत घ्यायची परवानगी अथेन्सकडे मागितली आणि लायकर्गस या अथेन्सच्या पुढाऱ्याच्या प्रस्तावावरून ती मिळाली. परदेशातल्या महाराष्ट्र मंडळाने गणपतीला हॉल मागावा तसं. (तुलना झालीच. सवय मोडत नाही.)

अथेन्समधली 'पांदेमोस' ही दुसरी गंमत. प्लेटोच्या 'सिंपोझियम' म्हणजे 'मेजवानी' या संवादात एक पात्र म्हणतं, ॲफ्रोडायटी दोन: 'उरानिया' उदात्त आणि 'पांदेमोस' सवंग. परीक्षेत सगळे हेच लिहितात. पण पांदेमोस म्हणजे 'सगळ्या लोकांची', आणि पौसानिआस सांगतो की विखुरलेल्या वस्त्यांचं एक शहर केल्यावर थेसेउस या पुराणकथेतल्या राजाने तिची आणि पेइथो म्हणजे मन वळवणाऱ्या देवीची पूजा सुरू केली. सवंगपणाचा मागमूस नाही. मेजवानीतल्या एका पात्राचं वाक्य आपण देवळावर चिकटवून मोकळे होतो.

तुलना करूच नका असं मात्र मी म्हणत नाही. सायप्रसमध्ये पाफोसपासून जवळच कुक्लिया गाव आहे, तिचं सगळ्यात जुनं मोठं ठाणं, इसवी सनपूर्व 1200 च्या सुमाराचं. तिथल्या शिलालेखांत तिचं नाव येतं 'वानास्सा', म्हणजे राणी. आपली आई-राणीच. तिथली देवी माणसाच्या रूपात नव्हती. टॅसिटस या रोमन इतिहासकाराने वर्णन केलंय, खाली रुंद, वर निमुळता दगड. संग्रहालयात तसा एक मोठा काळसर दगड ठेवलाय. शेजारचे पर्यटक 'ही देवी?' म्हणून हसले आणि माझ्या तोंडून निघालं, अरे, तांदळा! माहूरच्या रेणुकेपुढे उभं राहिलेल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. त्या शब्दाने मला उत्तर दिलं नाही, प्रश्न दिला: याला काय वाहत असतील? तेल? रक्त? शोधलं तर टॅसिटसच सांगतो की बळी द्यायचे, पण वेदीवर रक्त सांडायला मनाई होती, तिथे फक्त प्रार्थना आणि शुद्ध अग्नी. तुळजापूर-माहूरचं काही तिथे जसंच्या तसं ठेवता येत नाही, पण दगडासमोर मी बाकीच्यांपेक्षा पाच मिनिटं जास्त थांबले.

सुरुवात कुठून करायची, तर माझं मत अथेन्सचा इसवी सनपूर्व 283 चा तो छोटा कोरीव ठराव. पांदेमोसची मिरवणूक निघायच्या आधी शहराच्या अधिकाऱ्यांनी काय करायचं त्याची यादी आहे. हे अधिकारी एरवी रस्ते आणि मैला उचलणं बघायचे. देवळाच्या शुद्धीसाठी एक कबूतर आणायचं, वेद्यांना लेप द्यायचा, छपराला डांबर फासायचं, मूर्ती धुवायच्या आणि दोन द्राख्मांचा जांभळा रंग आणायचा. कामक्रीडेचा शब्द नाही. जत्रेआधी ग्रामपंचायत करते ती कामं.

प्रकरण पुन्हा लिहिताना मी ते याच ठरावापासून सुरू केलं. अकरा दिवस लागले, एकेक रूप सोडवलं, उजवं पान झाकलं, काळ तपासले. द्राख्मा म्हणजे नाणं हे गृहीत धरून, जांभळ्या रंगाला अथेन्सने फक्त दोन द्राख्मे किंमत मोजली, इतकी स्वस्ताई कशी, यावर दीड पान अर्थशास्त्रही लिहिलं. प्रकरण परत आलं. 'होल्केन' या शब्दाभोवती पेन्सिलीचा गोल, आणि समासात एकच शब्द: "वजन."