बडोद्यात दारू सोडताना: ए.ए.ची सभा कशी शोधावी, तिथे कसे जावे

गुजरात राज्य १९६० साली स्थापन झाले तेव्हापासून तेथे दारूबंदी आहे आणि परवान्याशिवाय दारू पिणे हा गुन्हा आहे. त्यामुळे बडोद्यातील मराठी घरात कुणाला दारूचे व्यसन लागले, तर ते आधी पोलिसांच्या धास्तीने आणि मग दांडिया बाजार, रावपुऱ्याकडील ओळखीपाळखीच्या लाजेने वर्षानुवर्षे झाकून ठेवले जाते. मदत मागितली की नाव बाहेर फुटणार, असे घरच्यांना वाटते. अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस, म्हणजेच ए.ए., या संघटनेत मात्र नाव गुप्त ठेवणे हाच पाया आहे. १९३५ साली अमेरिकेतील ॲक्रन येथे सुरू झालेली आणि १९५७ पासून भारतात चालणारी ही संघटना सदस्यत्वासाठी दारू सोडण्याची इच्छा एवढी एकच अट घालते. तिथे फी नसते आणि ओळखपत्रही मागत नाहीत.

मात्र रोज, विशेषतः सकाळपासूनच पिणाऱ्याने सभेच्या भरवशावर एकाएकी दारू बंद करू नये. आधी डॉक्टरांना भेटावे. शेवटच्या घोटानंतर ६ ते २४ तासांत हात थरथरणे, घाम येणे, झोप उडणे सुरू होते, पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते, आणि दुसऱ्या ते चौथ्या दिवसादरम्यान काहींना भ्रम होऊन नसलेल्या गोष्टी दिसू लागतात. ही अवस्था जिवावर बेतू शकते. सयाजी रुग्णालय आणि कारेलीबागेतील शासकीय मानसिक आरोग्य रुग्णालय ही शहरातील सरकारी ठिकाणे आहेत. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याच्या व्याख्येत मद्याच्या गैरवापराशी निगडित मानसिक अवस्थाही येतात आणि त्याच कायद्याने रुग्णाला आपली माहिती गुप्त राखली जाण्याचा हक्क दिलेला आहे; तेव्हा डॉक्टरांना रोजचे प्रमाण कमी करून सांगू नये, कारण औषधाची मात्रा त्यावरूनच ठरते.

सभा शोधण्यासाठी ए.ए.च्या भारतातील सेवा कार्यालयाचे संकेतस्थळ पाहावे आणि तेथे दिलेल्या क्रमांकावर फोन करून वार, वेळ व जागा पक्की करून घ्यावी, कारण सभा शाळेच्या वर्गात किंवा चर्चच्या खोलीत भरत असल्या तर जागा बदलते आणि जुनी यादी तशीच फिरत राहते. फोनवर दोन गोष्टी अवश्य विचाराव्यात. सभा कोणत्या भाषेत चालते, ही पहिली. मनातले दुःख गुजराती किंवा हिंदीत बोलणे जड जात असेल, तर महाराष्ट्रातील समूहांच्या ऑनलाइन मराठी सभांची चौकशी करावी. सभा ओपन आहे की क्लोज्ड, ही दुसरी. ओपन सभेला पत्नी, भाऊ, मित्र कुणीही सोबत बसू शकतात. क्लोज्ड सभा फक्त दारूचा त्रास असलेल्यांसाठी असते. व्यसनमुक्तीसाठी १४४४६ आणि मानसिक आधारासाठी चोवीस तास चालणारा टेलि-मानसचा १४४१६, हे दोन्ही सरकारी क्रमांक निःशुल्क आहेत.

पहिल्या दिवशी दहा मिनिटे आधी पोहोचावे आणि दारातच जो भेटेल त्याला “मी पहिल्यांदाच आलो आहे” एवढे सांगावे. प्रारंभी छोटे वाचन होते, मग एकेक जण पहिले नाव सांगून आपला अनुभव मांडतो, आणि कुणी कुणाला मध्येच तोडत नाही किंवा सल्ला देत नाही. आपली पाळी आली की “आज फक्त ऐकायला आलो आहे” असे म्हटले तरी चालते. पुढे पैशांची थैली फिरते. नवख्याने काही टाकण्याची सक्ती नसते. ईश्वराचा उल्लेख ऐकून पुष्कळ जण बिचकतात, परंतु ए.ए.च्या बारा पायऱ्यांमध्ये, म्हणजे दारूतून सावरण्याच्या तिच्या कार्यक्रमात, “आपल्याला उमगला तसा” ईश्वर असेच शब्द आहेत, आणि नास्तिक माणसेही तिथे टिकून आहेत. ओळखीचा चेहरा दिसला तरी घाबरू नये. तोही त्याच कारणासाठी तिथे आलेला असतो. एका सभेवरून मत बनवू नये, वेगवेगळ्या समूहांत काही आठवडे जाऊन पाहावे, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे, कारण प्रत्येक समूहाचा स्वभाव निराळा असतो.

घरच्यांसाठी अल-ॲनॉन ही १९५१ पासूनची स्वतंत्र संघटना आहे. पिणारा सभेला जात नसला तरी पत्नीने किंवा आईने तिथे जावे. “रुग्णाला न कळवता दारू सोडवा” अशा जाहिरातींना मात्र कदापि भुलू नये. डायसल्फिरामसारखे औषध जेवणातून गुपचूप दिले आणि त्यावर तो प्याला, तर रक्तदाब कोसळून मृत्यूही ओढवू शकतो. हे औषध रुग्णाला विश्वासात घेऊन, डॉक्टरांच्या देखरेखीखालीच द्यायचे असते. उलट डॉक्टरांनी सुरू केलेली औषधे सभेतील कुणाच्या सांगण्यावरून थांबवूही नयेत.

काही सभांनंतर, ज्याने बराच काळ दारू दूर ठेवली आहे आणि ज्याचे बोलणे पटते, अशा सदस्याला आपला स्पॉन्सर, म्हणजे वाट दाखवणारा सोबती, होण्याची विनंती करावी आणि त्याचा क्रमांक जवळ ठेवावा. प्यावेसे वाटले की आधी त्याला फोन करायचा. मध्येच दारू प्यायली गेली, तर लाजेने सभा टाळू नये. त्याच दिवशी स्पॉन्सरला कळवावे, रोज पिणे पुन्हा सुरू झाले असल्यास डॉक्टरांकडे जावे, आणि पुढच्या सभेला नेहमीप्रमाणे जाऊन बसावे. प्यायल्यामुळे सदस्यत्व जात नाही. ते टिकवायलाही दारू सोडण्याची इच्छा पुरते.