‘एनी क्रॅक?’ला काय उत्तर द्याल

डब्लिनला पोचलात की पीपीएस नंबर (सरकारी ओळख क्रमांक), लीप कार्ड (बस-ट्रेनचं कार्ड), बँकेचं खातं यात पहिले आठवडे जातील. ते सगळ्यांचं होतं, तुमचंही होईल. मी सांगतोय ते एका शब्दाबद्दल, कारण त्यापायी माझे चार महिने आणि पुष्कळ युरो गेले.

ऑफिसातल्या पहिल्याच सोमवारी शेजारच्या टेबलावरच्या माणसानं विचारलं, "एनी क्रॅक?" क्रॅक म्हणजे कोकेनचा प्रकार, एवढंच मला ठाऊक. घाबरून "नो, नो" म्हणालो. पुढे कळलं, हे तर आपलं "काय विशेष?" तरी रोज "काही नाही" म्हणून मान खाली घालायचो. राहत होतो एका महागड्या तात्पुरत्या खोलीत, रात्री बसून घरांच्या जाहिराती चाळत. एकदा वैतागून बोलून गेलो, "कसली क्रॅक, घर मिळेना!" तो म्हणाला, "आधी का नाही बोललास?" त्याच्या मावशीची ड्रमकॉन्ड्रातली वरची खोली दोन महिने रिकामी पडली होती.

तेव्हा विचारलं की बोला. घर, नोकरी, जुनी सायकल, काय हवं ते सांगा. फक्त पाठदुखीचं पुराण नको.

आपल्या ग्रुपवर कोणीतरी सांगेलच की हा प्राचीन गेलिक, म्हणजे जुन्या आयरिश भाषेतला, शब्द आहे. नाही. मूळ शब्द स्कॉटलंड आणि उत्तर इंग्लंडकडचा ‘क्रॅक’ (crack), म्हणजे गप्पा, खबर. अठराव्या शतकात स्कॉटिश कवी रॉबर्ट बर्न्सनं तो गप्पा मारणे या अर्थी वापरलाय. आयर्लंड बेटाच्या उत्तरेकडच्या अल्स्टर प्रांतामार्गे तो आयर्लंडात उतरला. पारंपरिक आयरिश वर्णमालेत अक्षरं 18, त्यांत ‘के’ नाही, म्हणून शेवटी नुसता ‘सी’ राहिला, मध्ये ‘आय’ घुसला आणि craic झालं. 1970च्या दशकापासून हे आयरिश स्पेलिंग इंग्रजी लिखाणातही पसरलं. सासरी गेलेली लेक नऊवारी नेसून माहेरी यावी, तसं. हे नवं स्पेलिंग पाहून चिडणारे आयरिश लोकही आहेत. त्या वादात पडू नका.

आता गप्पांबरोबर मजा हाही अर्थ चिकटलाय. "क्रॅक वॉज नाइन्टी" म्हणजे धमाल आली. तुम्हाला कोणी "मायनस क्रॅक" म्हटलं, तर समजा की तुम्ही एरंडेल प्यायल्यासारखे बसला होतात. आपली मंडळी तशीच बसतात, कोपऱ्यात, कोथिंबीर कुठे स्वस्त मिळते यावर.

शुक्रवारी पबला बोलावलं तर जा. दारू पीत नसाल तर लिंबू-सोडा घ्या, कोणी काही म्हणत नाही. पण आपली पाळी आली की सगळ्यांचा राउंड आपणच आणायचा. पुन्हा सांगतो, सगळ्यांचा. आपल्यातला एक जण दोन वर्षं नेमका त्याच वेळी बाथरूमला जायचा. ती क्रॅक अख्ख्या ऑफिसला माहीत आहे, त्याला सोडून.